कुत्र्याचा वाटा

होडी वाळूवर ओढली की वाटे पडतात. आधी होडीचा, मग जाळ्याचा, मग तांडेलाचा, मग एकेका खलाशाचा. सगळ्यांचं आटोपलं की तांडेल हात झटकतो आणि ओरडतो, "कुत्र्याचा!" मग मी पाटी घेऊन पुढं व्हायचं.

मी म्हणजे एर्मेलिंदा, झेफेरिनुची बायको. गेल्या हिवाळ्यापर्यंत झेफेरिनुचा वाटा वेगळा पडायचा आणि त्याच्या कुत्र्याचा वेगळा. दोन्ही तोच घेऊन यायचा, मला किनाऱ्याचं तोंड बघायची गरज पडत नव्हती. मग एका सकाळी होडी वर घेताना खालचा ओंडका निसटला आणि होडी त्याच्या कमरेवर आली. तेव्हापासून तो खिडकीशी खाटेवर पडून लोकांची जाळी सांधतो. होडीवर आमच्या घरातला जातो तो एकटा कुत्रा, आणि आमची चूल त्याच्या वाट्यावर पेटते.

"एर्मेलिंदा, आज तुझा धनी फार पोहला बरं का! पाय चेपून दे त्याचे," असं कुणीतरी म्हणणारच.

"घरी आधी ताट कुणाला वाढतेस गं? याला का झेफेरिनुला?"

"तोंडं आवरा, मेल्यांनो," मी म्हणायची. "तो रोज अंग तरी भिजवतो. तुमच्या अंगाला पाणी कधी लागलं ते तुमच्या बायकांना विचारा."

हसायचे. मीही हसल्यासारखं करून पाटी भरायची. कुत्र्याचा वाटा माणसाच्या निम्मा. त्यातही वर ठेवलेले मासे ठरलेले, जाळ्यातून निसटलेले, कुत्र्यानं बुडी मारून तोंडात धरून आणलेले. ते लिलावात कुणी घेत नाही, म्हणून ते कुत्र्याच्याच वाट्याला. प्रत्येकाच्या अंगावर दातांची भोकं. चांगली तारली मी भाकरी-तेलासाठी देऊन टाकायची आणि हे उष्टे मासे घरी न्यायची. धुवायची, पुन्हा धुवायची, आंबट शिरका चोळायची, निखाऱ्यावर काळे होईतो भाजायची. तरी पहिला घास घेतला की ती भोकं डोळ्यांपुढं यायची. कुत्र्याच्या तोंडातलं मी खाते. आईनं बघितलं असतं तर तिनं मला उंबऱ्यात उभं केलं नसतं.

मी डोंगरातली आहे. आमच्याकडं कुत्रा शेळ्यांमागं असतो आणि बाहेर असतो. त्याला कुणी पलंगावर घेत नाही, त्याच्याशी बोलत नाही. इथं कोवा गावात लग्न होऊन आले आणि पहिल्या दिवशी बघते तर नवऱ्याच्या पायांवर हे काळं, ओलं धूड झोपलेलं. तेव्हा तो या कुत्र्याचा बाप होता. हा आताचा तिसांव. तिसांव म्हणजे चुलीतलं जळकं लाकूड. नाव शोभतं. काळा, कुरळा, पायाच्या बोटांमध्ये बदकासारखं कातडं, आणि अंगात असं वारं की मेला क्षणभर बूड टेकत नाही. होडीवर पहाटेपासून काम करतो, मासळी जाळ्याकडं हाकलतो, जाळ्याची सुटलेली बुचं गोळा करतो, या होडीचा दोर त्या होडीला नेऊन देतो. एवढं करून घरी आला की दमेल की नाही? नाव नको. धुण्याच्या टोपात उडी. शेळीच्या पाण्यात उडी. एकदा पिण्याच्या माठात तोंड अडकवून घरभर नाचला. माझी खडाव उचलून पाण्यात नेऊन टाकतो आणि परत आणून देतो, पुन्हा टाक म्हणून.

आणि वास! तारलीची खवलं त्याच्या केसांत वाळून चिकटलेली असतात, मागच्या पायांना कुजकं शेवाळ लागलेलं असतं. किनाऱ्यावर कुठं मेलेलं माकूल दिसलं की त्यात लोळल्याशिवाय पुढं जात नाही. झेफेरिनु म्हणतो, हा समुद्राचा वास आहे. असेल. मग समुद्रानं तो आपल्याकडं ठेवावा.

पण सगळ्यात घाण म्हणजे त्याचं ओकणं. बुड्या मारताना खारं पाणी पोटात जातं. ते बाहेर काढायचं तर समुद्र काय लहान आहे? पण नाही. होडीवर ओकत नाही, वाळूवर ओकत नाही. पळत गल्ली चढून येतो, पाठीची कमान करतो आणि माझ्या पायरीवर ओकतो. बरोबर मधोमध. दर गुरुवारी मी ती पायरी चुन्यानं पांढरी करते. या गल्लीत माझ्यासारखी पायरी कुणाची नाही, बघून घ्या. आणि रोज सकाळी तिच्यावर फेस, शेवाळ, माशांचे डोळे.

वसंत सरला आणि मी त्याला घरात घेणं बंद केलं. ओकायला आला की झाडू घेऊन मागं लागायची. एक-दोनदा पाठीत बसला, मग तो शिकला. यायचा, ओकायचा, कान पाडून पळायचा आणि तांडेलाच्या होडीत जाळ्यांवर जाऊन पडायचा.

"आत घे त्याला," झेफेरिनु खाटेवरून म्हणायचा.

"कशाला? माझ्या अंथरुणात ओकायला?"

"तशी रीत आहे."

"तुझ्या रीतीला मी साबण लावू का?"

तो तोंड फिरवायचा. हा माणूस असाच. कमरेतून गेला तरी अकड गेली नाही. एक वाक्य जास्तीचं बोलला असता तर त्याचं काय जाणार होतं?

या साली तारलीनं पाठ फिरवली. होड्या लांबवर जायच्या आणि अर्ध्या रिकाम्या परतायच्या. वाटे लहान झाले तशी माणसंही लहान झाली. एकमेकांच्या ढिगाकडं बघायची, एखादा बांगडा इकडून तिकडं सरकवायची. अशातच एका सोमवारी तांडेल ओरडला, "कुत्र्याचा!" आणि मी पाटी घेऊन पुढं झाले, तर त्यानं तो ढीग पायानं स्वतःच्या टोपलीकडं सारला.

बाल्ताझार तांडेल म्हणजे पोट आधी आणि माणूस मागून. बोटांत चांदीच्या अंगठ्या, नखांत माशाची घाण. बोलताना ओठाच्या कोपऱ्यात थुंकी साठते ती पुसत नाही. मला त्याच्याकडं बघवत नाही.

"तांडेल, तो आमचा," मी म्हटलं.

"कसा काय?"

"कसा म्हणजे? कुत्रा आमचा."

"कुत्रा झोपतो कुठं?" तो म्हणाला. "माझ्या होडीत. अंग वाळवतो कुठं? माझ्या जाळ्यांवर. मग वाटा कुणाचा? विचार तिबुर्सियु काकांना."

तिबुर्सियु काका म्हणजे किनाऱ्यावरचे सगळ्यांत म्हातारे. समुद्र सोडून बरीच वर्षं झाली, तरी भांडण लागलं की त्यांच्याकडंच जातं. उलट्या होडीच्या सावलीत बसलेले असतात. त्यांनी डोळे चोळले.

"रीत आहे, पोरी," ते म्हणाले. "कुत्रा कुणाच्या दाव्याला बांधलाय हे बघत नाहीत. पाण्यातून निघून तो ज्याच्या दारात अंग वाळवतो, त्याच्या घरी त्याचा वाटा. तुला झेफेरिनुनं सांगितलं नाही?"

माझे कान तापले. सगळे बघत होते.

"रोज सकाळी माझ्या दारात येतो तो," मी म्हणाले. "विचारा कुणालाही. येऊन ओकतो."

असा हशा उठला की पाण्यावरचे पक्षी उडाले. तांडेलानं पोट धरलं. "ओकण्यावर कधीपासून वाटा मिळायला लागला? मग माझा मेव्हणा दर रविवारी गुत्त्याच्या दारात ओकतो, गुत्ता त्याच्या नावावर करू का?"

मला वाटलं पाटी त्याच्या डोक्यात घालावी. काकांनी काठी आपटली.

"शनिवारी होडी लागेल तेव्हा बघू. मी स्वतः बघेन. कुणी हाक मारायची नाही, कुणी खायला दाखवायचं नाही. कुत्रा जिथं आडवा होऊन अंग वाळवील, तिथं त्याचा वाटा. तोवर वाटा माझ्याकडं."

घरी येऊन मी पाटी भिंतीवर फेकली.

"सांगायला काय झालं होतं तुला?" मी झेफेरिनुला म्हणाले. "जीभ पण होडीखाली आली का?"

"रोज सांगत होतो, आत घे."

"का ते सांगत नव्हतास!"

"इथं पोरासोरांना माहीत असतं. मला काय ठाऊक तुला..." तो थांबला. मग हळू आवाजात म्हणाला, "शनिवारी तो तिकडं गेला तर काय करायचं, एर्मेलिंदा?"

सांधायला येणारी जाळीही कमी झाली होती, होड्याच रिकाम्या तर फाटणार काय? डोंगरातल्या भावाच्या दारात जायचं तर या माणसाला गाढवावर बांधून न्यावं लागलं असतं, आणि भावजयीचं तोंड मला माहीत आहे. त्या दिवशी मक्याचा नुसता घाटा शिजवला. ओहोटीला जाऊन थोड्या तिसऱ्या उकरून आणल्या, त्या वर टाकल्या. खाताना पहिल्यांदा कुठंही दातांची भोकं नव्हती, आणि पोट भरलं नाही.

मंगळवारी सकाळी मी ठरवून दारात उभी राहिले. तिसांव आला. कमान केली, ओकला. हिरवट पाणी आणि एक अख्खा लहान मासा, डोळ्यासकट. ते पायरीवरून ओघळून खालच्या चुन्यावर आलं आणि काय सांगू, माझा हात आपोआप गेला. झाडू कधी उचलला आणि कधी हाणला मलाच कळलं नाही. तो केकाटत गल्ली उतरला.

"अगं बाई!" झेफेरिनु आतून ओरडला. "अगं अक्कल कुठं गहाण टाकलीस?"

मी दारात बसले आणि रडले. रागानंच रडले. ती ओकारी पुसतही होते आणि रडतही होते.

बुधवारी तांडेलाच्या होडीला भलामोठा कुपा लागला. सगळा गाव बघायला लोटला, या साली दुसऱ्या कुणाला तो मासा दिसलाही नव्हता. तांडेलानं तो वाळूवरच फाडला आणि लालभडक कलेजी उचलून घरी नेली. जाताना तिसांवला तिचा एक तुकडा टाकला. माझ्याकडं बघत टाकला. कुत्र्यानं तो हवेतच झेलला. तांडेलानं ती बोटं आपल्या पँटला पुसली आणि त्याच बोटांनी दात कोरले.

शेजारची कुश्तोदिया म्हणाली, "तू काय खायला घालशील त्याला? घाटा?"

घरी आल्यावर मी झेफेरिनुसमोर बसले. "सांग," म्हटलं, "तुझ्याकडं तो का यायचा?"

त्यानं विचार केला. "मी त्याला कातरायचो," तो म्हणाला. "दर दोन महिन्यांनी. कमरेपासून मागं सगळं साफ, शेपटीच्या टोकाला तेवढा झुपका. मागं केस असले की पाण्यात जड होतो. मी पडलो तेव्हापासून कुणी हात लावला नाही. बघ ना कसा चालतो. मागचा पाय ओढतोय. तांडेल काय करणार, त्याला नुसता वाटा पाहिजे."

कातरणं मला येतं. डोंगरात आम्ही पोरीच मेंढ्या कातरायचो. माझ्या पेटीत आईची कातर होती, गंजलेली. दगडावर घासली.

गुरुवारी दुपारी तांडेल जेवून घोरत पडला होता तेव्हा मी होडीपाशी गेले. तिसांव जाळ्यांवर होता. मला बघून गुरगुरला. मी माझी खडाव काढली आणि त्याच्यासमोर धरली. मेल्याचे कान उभे राहिले. मी ती दूर फेकली, त्यानं आणली. पुन्हा फेकली, गल्लीच्या दिशेनं. पुन्हा आणली. अशी एका पायात खडाव आणि एक पाय अनवाणी, तापलेल्या वाळूतून उड्या मारत, मी त्याला अंगणापर्यंत आणलं. बायका दारात येऊन हसत होत्या. हसा म्हटलं, शनिवारी हसा.

अंगणात त्याच्या गळ्यात दोर घातला आणि कुश्तोदियाला धरायला लावलं. झेफेरिनु खिडकीतून मान काढून होता.

"पुढचं कापू नकोस हां! छाती झाकलेली राहू दे, नाहीतर थंडीनं मरेल."

"कळलं."

"शेपटीचा झुपका ठेव."

"मी कुत्रा कातरतेय का तू?"

मागचे केस नव्हतेच ते, दाबलेल्या लोकरीसारखा नमदा झाला होता. खवलं, चिखल, डांबर, वाळलेली विष्ठा, सगळं दाबून बसलेलं. कातर आत शिरेना. मी ते बोटांनी उचकटलं आणि खालून वाफ आली. नासक्या माशाची नाही, तो वास मला आता कळतो. सडलेल्या मांसाची. नमदा फाडून मागं घेतला तर मांडीवर जखम, आणि जखमेत अळ्या. पांढऱ्या, जाड, एकमेकींवर चढत होत्या. कुश्तोदियानं दोर सोडला आणि भिंतीशी जाऊन ओकली. मला वाटलं कुत्रा आता पळणार. पण तो पळाला नाही. मान वळवून माझ्याकडं बघत राहिला आणि थरथरत राहिला.

"काय झालं?" झेफेरिनु विचारत होता. "काय आहे तिथं?"

"गप्प बस," मी म्हणाले.

अळ्या मी शिरक्यानं धुतल्या, उरलेल्या नखानं काढल्या. तळाशी काहीतरी टणक लागलं. गळ होता. मोठा, लांब दोरीवर लावतात तसला, काटा मांसात पार रुतलेला. कधी घुसला देव जाणे. हा एवढे दिवस त्या पायानं पोहत होता, दोर ओढत होता, आणि वर माझ्या झाडूचे मार खात होता. मी सांडशीनं गळ धरला, दाबून पुढं ढकलला, काट्याचं टोक बाहेर काढून मोडलं, आणि मागं ओढला. पू माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत आला. कोमट. तो कोमटपणा मी मरेपर्यंत विसरणार नाही. कुत्रा एकदा ओरडला आणि माझा हात दातांत धरला. चावला नाही, नुसता धरला, मासा धरतो तसा.

मग तेल लावलं. मग कातरलं सगळं. मागचा अर्धा भाग उघडा, गुलाबी-करडा, पुढं ती आयाळ. काढलेला नमदा पाटीभर निघाला, तो मी उकिरड्यावर पुरला. तिसांवनं उभं राहून स्वतःचं बूड हुंगलं, माझा चेहरा हनुवटीपासून कपाळापर्यंत चाटला, शेळीच्या पाण्यात एक उडी मारली आणि होडीकडं पळून गेला.

"गेला!" मी म्हणाले. "एवढं करून मेला गेला!"

मी तोंड धुवत होते. राखेनं धुतलं, साबणानं धुतलं. झेफेरिनुनं जाळ्याची एक गाठ मारली. मग म्हणाला, "तो तुझ्याकडं यायचाच. रोज येतोच आहे. तूच त्याला थांबू देत नाहीस."

"म्हणजे मी काय करू?"

"काही करू नकोस. शनिवारी नुसती उभी राहा. तो ओकू दे, अंग झटकू दे, काहीही करू दे. झाडूला हात लावू नकोस. जमेल?"

मी पायरीकडं बघितलं. गुरुवार होता. चुना कालवला आणि पायरी पांढरी करायला घेतली.

शनिवारी होडी लागायच्या आधीच सगळा गाव किनाऱ्यावर. मी माझ्या दारात उभी राहिले. आमचं घर गल्लीच्या वरच्या टोकाला, तिथून खालपर्यंत सगळं दिसतं. तांडेलाचं घर अगदी खाली, वाळू संपते तिथं. त्याच्या दारात उन्हात गोणपाट पसरलेलं होतं, चांगलं दुहेरी घडी करून. कधी नव्हे ते.

झाडू मी आत माळ्यावर टाकला होता. हात पदरात गुंडाळले होते. झेफेरिनु उशीवर रेलून बसला होता, खिडकीची चौकट धरून.

होडी आली. तिसांव नेहमीसारखा आधी उडी मारून, दोराचं टोक तोंडात धरून वाळूवर आला. दोर टाकला. काका काठी टेकत उभे होते. कुत्र्यानं इकडंतिकडं बघितलं आणि निघाला. पाय ओढत नव्हता.

तांडेलाच्या दाराशी थांबला. गोणपाट हुंगलं. नाक घडीत घातलं आणि आत आत घातलं, आणि मला त्याचे जबडे हलताना दिसले. घाईघाईनं गिळत होता.

"खातोय तो!" मी वरून ओरडले. "काका, तो काहीतरी खातोय!"

"रिकामं तोंड चालवतोय!" तांडेल खालून ओरडला. "खाज येते त्याला!"

लोक मागं होते, कुत्र्याची पाठ त्यांच्याकडं होती. काकांना दोन हातांवरचं दिसत नाही. तिसांव गोणपाटावर एकदा गोल फिरला आणि बसला. नंतर आडवा झाला.

संपलं, मनात म्हटलं. आता गाढव शोधायचं आणि भावजयीच्या दारात जाऊन उभं राहायचं. आत झेफेरिनुलाही खिडकीतून सगळं दिसत होतं.

तांडेल हसत काकांचा दंड धरून पुढं येत होता. तेवढ्यात कुत्रा उठला. पोट आत ओढलं गेलं, सुटलं, पुन्हा ओढलं गेलं. मला ते पोट माहीत आहे. तो गल्ली चढायला लागला, मान खाली, पाठ वर, घशात खर्र खर्र करत, पण पाय थांबत नव्हते. वाटेत कुठंही ओकता आलं असतं. कुश्तोदियाच्या दारात, विहिरीपाशी, कुठंही. मेला थेट माझ्या पायरीवर आला. मधोमध उभा राहिला.

आधी खारं पाणी. मग फेस. मग लालसर, चिकट, अर्धवट चावलेले गोळे, एकामागून एक, माझ्या परवाच्या चुन्यावर. वास असा आला की डोळ्यांतून पाणी आलं. मग त्यानं अंग झटकलं. भिंत, दार, माझा चेहरा, सगळं शिंतोड्यांनी भरलं. ओठांवर काहीतरी बसलं. माझा हात पदरातून सुटला आणि दारामागं गेला, जिथं झाडू असतो तिथं.

"एर्मेलिंदा," झेफेरिनु म्हणाला. एवढंच.

मी हात परत घेतला. तिसांवनं कान पाडून माझ्याकडं बघितलं, मार यायची वाट बघितली. मार आला नाही. तो एकदा गोल फिरला आणि पायरीवर आडवा झाला, उघडं बूड उन्हाला देऊन, एक पाय स्वतःच्या ओकारीत. डोळे मिटले.

लोक गल्ली चढून आले. कुश्तोदिया सगळ्यांच्या पुढं, हातात फडकं. "अगं बाई, काय घाण ही! थांब, मी पुसते—"

"हात लावू नकोस!" मी असं ओरडले की ती दचकून मागं सरली. "कुणी हात लावायचा नाही. काका येऊ देत."

माश्या आल्या. मी पायरीसमोर हात पसरून उभी राहिले, माझ्या जन्मात कुठली राखण केली नसेल तशी त्या ओकारीची राखण केली. पोटातून दोनदा वर आलं, दोनदा गिळलं. काका धापा टाकत पोचले, मागून तांडेल. काका वाकले, आणखी वाकले, काठीच्या टोकानं एक गोळा उलटा केला आणि नाकाशी नेला.

"कुप्याची कलेजी," ते म्हणाले. "मिठात मुरलेली, आणि आत्ताच गिळलेली." काठीला चिकटून गोणपाटाचे धागे वर आले. काकांनी ते बोटानं ओढून बघितले. "या साली कुपा कुणाला लागला रे?"

सगळे तांडेलाकडं बघत होते.

"होडीत खाल्लं असेल सकाळी," तांडेल म्हणाला. ओठाच्या कोपऱ्यात थुंकी आली होती.

"आणि गोणपाट? ते पण होडीत शिजवलं होतंस?" मागून कुणीतरी म्हणालं, आणि यावेळी हशा त्याच्यावर झाला. त्याच्याच खलाशांनी केला.

काकांनी झोपलेल्या कुत्र्याच्या अंगावर हात ठेवला. ऊन कडक होतं, कातरलेलं अंग वाळत आलं होतं. ते सरळ झाले आणि म्हणाले, "बाल्ताझार. ओरड."

"काय?"

"रोज ओरडतोस ते."

तांडेल जमिनीकडं बघत म्हणाला, "कुत्र्याचा."

"ऐकू नाही आलं," झेफेरिनु खिडकीतून म्हणाला.

"कुत्र्याचा!"

सोमवारपासूनचा वाटा काकांनी मिठात घालून ठेवला होता, त्याची टोपली आणि आजची पाटी तांडेलाच्या हातात दिली गेली. तो ती गल्लीतच ठेवून वळायला लागला.

"तिथं नको, तांडेल," मी म्हणाले. "इथं ठेवा. पायरीवर. जरा जवळ या."

तो आला. नाक वळवून, पोट आवरून, त्या घाणीच्या कडेनं पाय टाकत आला आणि वाकून पाटी ठेवली. वरच्या माशाला दातांची भोकं होती. तिसांवनं एक डोळा उघडला आणि पुन्हा मिटला.

मग मी आत गेले, बादली आणि फडकं घेऊन आले, आणि गुडघ्यांवर बसले. लोक अजून उभे होते, म्हणून सावकाश पुसलं.